जुन्या मसल कारला बिडाचं मॅनिफोल्ड ठेवावं की हेडर्स बसवावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण १९६४ ते १९७२ या काळातल्या अमेरिकन व्ही-८ गाड्या ज्यांच्या गॅरेजमध्ये आहेत, किंवा ज्यांचा जीव त्यांच्यात अडकलाय, त्यांच्यासाठी हे पान आहे. जीटीओ, चेव्हेल, कमॅरो, मस्टँग, रोड रनर, चार्जर असा सगळा गोतावळा यात येतो. उत्तरं देताना रस्त्यावर चालणारी गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. ट्रेलरवरून ड्रॅग स्ट्रिपला नेली जाणारी गाडी असेल तर हेडर्स लावा आणि पुढचं वाचू नका.

दोघांत फरक काय?

काम एकच: सिलिंडर हेडमधून निघणारा जळका वायू गोळा करून मागच्या पाइपात सोडणं. मॅनिफोल्ड हे बिडाचं एकसंध ओतकाम. चारही पोर्ट एकाच आखूड, जाड पोकळीत उघडतात आणि तिथून एकच तोंड खाली जातं. हेडरमध्ये प्रत्येक पोर्टला स्वतःची पातळ पोलादी नळी असते. पूर्ण लांबीच्या हेडरमध्ये ती अडीच-तीन फूट जाते आणि मग चारही नळ्या कलेक्टरमध्ये एकत्र येतात.

कंपन्यांनी मॅनिफोल्ड बसवलं ते स्वस्त, शांत आणि टिकाऊ म्हणून, शिवाय असेंब्ली लाइनवर ते पटकन बसायचं. ताकद हा त्यांचा पहिला विचार नव्हता.

हेडरमुळे ताकद वाढते ती कशी?

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाचा एक जोरदार धक्का नळीतून धावतो. तो कलेक्टरमध्ये पोचून पसरला की कमी दाबाची लाट उलटी व्हॉल्व्हकडे येते. ती वेळेवर पोचली, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना पोचली, तर उरलासुरला धूर खेचला जातो आणि त्याच्या जागी ताजं मिश्रण आत येतं. नळीची लांबी आणि व्यास महत्त्वाचे ठरतात ते यामुळेच.

व्ही-८ मध्ये आणखी एक गोम आहे. शेव्हरोलेची फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. डाव्या बाजूला १, ३, ५, ७ हे सिलिंडर. आता क्रम पाहा: ५ आणि ७ लागोपाठ पेटतात, दोघांत क्रँकचे फक्त ९० अंश. म्हणजे पाचचा धूर अजून बाहेर पडत असतानाच शेजारच्या सातचा दणका त्याच पोकळीत येऊन आदळतो. आखूड मॅनिफोल्डमध्ये पाचला त्याच्याविरुद्ध ढकलावं लागतं. वेगळ्या लांब नळ्या दिल्या की हे भांडण मिटतं. व्ही-८ चा तो गुरगुरणारा, जरा लंगडा ताल येतो तोही याच असमान अंतरामुळे.

काही हेडर्समध्ये चार नळ्या आधी दोनात आणि मग एकात येतात. त्यांना ट्राय-वाय म्हणतात. १९६५ च्या शेल्बी जीटी३५० ला असेच होते. कमी-मधल्या आरपीएमला ते फार चांगले चालतात, आणि रस्त्यावरच्या गाडीला लागतं तेच.

किती हॉर्सपॉवर मिळेल, एक आकडा सांगा.

इंजिन मूळ अवस्थेत असेल, कॅम (व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा दांडा) कारखान्याचाच असेल आणि आधी आखूड, कोंदट मॅनिफोल्ड असेल तर साधारण दहा ते वीस-पंचवीस. तेही मागचे पाइप आणि मफलर मोकळे असतील तरच, आणि बहुतेक वाढ साडेतीन हजार आरपीएमच्या वर. कॅम मोठा, हेड पोर्ट केलेले (वायूची वाट घासून मोठी केलेली), कॉम्प्रेशन चढं असं इंजिन असेल तर फरक बराच जास्त.

जुन्या माहितीपत्रकांतले आकडे पाहून हिशेब करू नका. १९७१ पर्यंत बहुतेक कंपन्या ग्रॉस हॉर्सपॉवर छापत. इंजिन स्टँडवर ठेवून, पंखा-अल्टरनेटरचं ओझं काढून आणि मोकळा एक्झॉस्ट जोडून मोजलेला तो आकडा. १९७२ पासून गाडीत बसवल्यासारखं मोजून नेट आकडा देऊ लागले. शेव्हरोलेचं ३५० एलटी-१ इंजिन (असे आकडे म्हणजे इंजिनाचा घन इंचांतला आकार) १९७१ ला ३३० हॉर्सपॉवरचं होतं, १९७२ ला कागदावर २५५ झालं. इंजिनात जवळपास काही बदललं नव्हतं. मॅनिफोल्ड, मफलर आणि बाकी लटांबर मोजणीत आलं, एवढंच.

जीटी३५० चंही उदाहरण नेहमी दिलं जातं: फोर्डचं २८९ हाय-पो (हाय परफॉर्मन्स) इंजिन २७१ हॉर्सपॉवरचं, शेल्बीचं ३०६. पण तिथे हेडर्सबरोबर मोठा हॉली कार्ब्युरेटर आणि ॲल्युमिनियमचा हाय-राइज इनटेकही होता. पस्तीसचं सगळं श्रेय नळ्यांना देणं हा विक्रेत्यांचा हिशेब.

सगळी मॅनिफोल्ड सारखीच वाईट असतात का?

मुळीच नाही. खरी निवड इथेच आहे आणि बहुतेक लोक नेमकं हेच विचारायला विसरतात.

त्या काळात कंपन्यांकडे दोन प्रकारची मॅनिफोल्ड असायची. एक साध्या सेडानची, आखूड ठोकळ्यासारखी. दुसरी परफॉर्मन्स मॉडेल्ससाठी ओतलेली, ज्यांत प्रत्येक पोर्टला काही अंतर स्वतःची वाट दिलेली. पॉन्टियाकची रॅम एअर मॅनिफोल्ड याच जातीची. क्रायस्लरच्या ३८३ आणि ४४० च्या एचपी आवृत्तीची मॅनिफोल्डही तशीच मोकळी. शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉकचं (लहान आकाराच्या व्ही-८ चं) मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं रॅम्स हॉर्न दिसायला देखणं आणि वायूच्या वाटेलाही बरं. त्यातलं अडीच इंची तोंडाचं मिळालं तर सोडू नका.

स्पर्धेसाठी तर याहून पुढे गेले होते. १९६२ ते ६४ च्या क्रायस्लर मॅक्स वेजची मॅनिफोल्ड आधी वर चढून मग खाली वळणारी, टोकाला झाकण काढून थेट हवेत सोडायची सोय असलेली. पॉन्टियाकने सुपर ड्यूटी गाड्यांसाठी वजन वाचवायला ॲल्युमिनियमची ओतली. पाव मैलाच्या धावेला ती चालत. जास्त वेळ इंजिन दमवलं तर वितळायची भीती.

माझं मत सांगतो. गाडी रविवारी फिरायला, कार शोला आणि कधीतरी हायवेवर जाणार असेल, तर परफॉर्मन्स मॅनिफोल्ड आणि मागे अडीच इंची ड्युअल पाइप ही जोडी घ्या. हेडर्सच्या फायद्याचा मोठा भाग मिळतो, त्रास जवळजवळ काहीच नाही. पॉन्टियाकसारख्या लोकप्रिय इंजिनांसाठी नवी, हुबेहूब ओतलेली मिळतात. घेताना मात्र पोर्टचा आकार बघा: रॅम एअर ४ चे पोर्ट गोल, नेहमीच्या हेडचे इंग्रजी डी अक्षरासारखे. एकाचं दुसऱ्याला बसत नाही. शिवाय पॉन्टियाकचं ३२६ असो की ४५५, बाहेरून ब्लॉक एकाच मापाचा, त्यामुळे इंजिनापेक्षा चासी कोणती यावर मॅनिफोल्ड ठरतं.

मग हेडर्स कधी घ्यावेत?

कॅमचं कार्ड काढा. ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो) आणि लिफ्ट (किती उघडतो) मूळ गाडीपेक्षा बऱ्यापैकी वाढवलेले असतील, इंजिन साडेपाच-सहा हजारांपर्यंत फिरणार असेल, मागच्या ॲक्सलला ३.७३ किंवा ४.१० चा (वेगापेक्षा जोराकडे झुकलेला) गिअर असेल, तर मॅनिफोल्ड त्या इंजिनाचा गळा आवळतं. तिथे हेडर्स हवेतच. कॅम मूळचाच, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आणि मागचा गिअर हायवेचा असेल तर पैसे ब्रेक आणि टायरवर घाला.

“इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच” हे खरं का?

नाही. इंजिनाला लागतो वायूचा वेग. नळी अवाच्या सवा मोठी घेतली की वेग मरतो, खालचा टॉर्क जातो, आणि लोक म्हणतात बॅकप्रेशर कमी झालं.

३५० पर्यंतच्या साध्या स्मॉल-ब्लॉकला १-५/८ इंचाची नळी पुरते. तापट स्मॉल-ब्लॉक किंवा क्रायस्लर ३८३ ला १-३/४. चारशेच्या पुढच्या बिग-ब्लॉकला १-७/८. दोन इंच आणि त्यावरचं सगळं शर्यतीसाठी. दोन मापांत अडलात तर लहान घ्या.

शॉर्टी हेडर्स हा मधला मार्ग नाही का?

बसवायला सोपे, जमिनीपासून उंच, दिसायला चकचकीत. पण नळ्या इतक्या आखूड की लाटेचा खेळ जमतच नाही. चांगल्या बिडाच्या मॅनिफोल्डपेक्षा फार काही जास्त देत नाहीत आणि गळायला मात्र हेडरसारखेच गळतात.

उष्णतेचा त्रास खरंच होतो का?

होतो, आणि कॅटलॉगमध्ये तो छापत नाहीत. बीड जाड असतं, उष्णता धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. हेडरची नळी जेमतेम सव्वा ते दोन मिलिमीटर जाडीची. तिची सगळी धग बॉनेटखाली.

पहिला बळी स्टार्टर. जनरल मोटर्सच्या गाड्यांत सोलेनॉइड स्टार्टरच्याच पाठीवर बसलेला, आणि नळी त्याच्यापासून बोटभर अंतरावर. तासभर चालवून पेट्रोल भरायला थांबलात, पाच मिनिटांनी चावी फिरवली, की नुसतं ‘टक्’. तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, जुन्या केबलमधून पुरेसा करंट पोचत नाही. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की गाडी गुपचूप सुरू होते आणि तुम्ही बॅटरीला शिव्या घालता. गिअर रिडक्शनचा लहान स्टार्टर बसवा, केबल जाड घ्या आणि मध्ये उष्णतारोधक पत्रा द्या. फोर्डचा रिले आतल्या फेंडरवर, धगीपासून लांब. त्यामुळे मस्टँगवाल्यांना हा ताप जरा कमी.

दुसरा बळी प्लगच्या वायरी. बूट नळीला टेकला की वितळलाच. सिरॅमिक बूट किंवा काचधाग्याचे मोजे घाला आणि वायरी बांधून ठेवा. ब्रेकची आणि पेट्रोलची नळीही पाहा. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ड्रीम क्रूझसारख्या ठिकाणी, ऑगस्टच्या उन्हात, चालायच्या वेगाने तासन्‌तास सरकताना हे सगळं एकदम कळतं. मिशिगनमध्ये गाड्यांच्या धंद्यात असलेली आपली बरीच मंडळी तिथे हौसेने जातात. बॉनेट उघडे ठेवून कडेला उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्यात तर आधी हेडर्स आहेत का ते बघा.

हेडरवर रॅप (उष्णतारोधक पट्टी) गुंडाळला तर?

दिसतो झकास. पण त्यात ओल धरते, साध्या पोलादाची नळी आतून-बाहेरून गंजते आणि काही वर्षांत बोट घातलं तर भोक पडेल अशी होते. बऱ्याच कंपन्या रॅप केलेल्या हेडर्सची वॉरंटी मानत नाहीत. सिरॅमिक कोटिंग केलेलेच घ्या. महाग पडतात, पण काळ्या रंगाचे स्वस्त हेडर्स पहिल्याच फेरीत धूर काढून रंग सोडतात.

माझ्या गाडीला बसतील ना? बॉक्सवर तर तसं लिहिलंय.

बॉक्सवर लिहिलेलं बहुतेकदा इंजिनाबद्दल खरं असतं. बाकीच्या गाडीबद्दल तुम्ही स्वतः बघायचं.

मस्टँगमध्ये दोन्ही बाजूंना शॉक टॉवर (सस्पेन्शनचे उभे खांब), मध्ये जागा चिंचोळी. स्मॉल-ब्लॉकला जमतं, पण पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा रॅम खाली घ्यायला वेगळा ब्रॅकेट लागतो. ३९० किंवा ४२८ असेल तर इंजिन थोडं उचलल्याशिवाय नळ्या आत जाणं कठीण. प्लग बदलायलाही खालून हात घालावा लागेल अशी तयारी ठेवा.

क्रायस्लरच्या गाड्यांत टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या सस्पेन्शनच्या लांब दांड्या) आणि स्टिअरिंगची दांडी नेमकी नळ्यांच्या वाटेत. काही हेडर्सच्या एक-दोन नळ्या म्हणूनच सुट्या येतात, बाकीचं बसवून झाल्यावर मागून सरकवायच्या. टीटीआयसारख्या या गाड्यांत मुरलेल्या कंपन्यांचे हेडर्स महाग, पण ते ठोकून वाकवावे लागत नाहीत. हातोडी घेऊन नळी चेपणं हा प्रकार स्वस्त हेडर्सबरोबर जवळजवळ ठरलेलाच.

मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर क्लचचा झेड-बार (पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणारा दांडा) तपासा. ऑटोमॅटिकवर बसणारे हेडर्स मॅन्युअलवर बसतीलच असं नाही. ऑइल फिल्टर निघतो का, पाना फिरतो का, तेही. आणि शेवटी जमिनीपासूनचं अंतर: पूर्ण लांबीच्या हेडरचा कलेक्टर बहुतेकदा गाडीचा सर्वांत खालचा भाग असतो. तुमच्या घराचा ड्राइव्हवे चढाचा असेल तर तो रोज तिथे घासणार.

हेडर्स बसवल्यापासून सकाळी गाडी नीट गरम होत नाही, का?

मूळ गाडीत बहुतेकदा एका बाजूच्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी झडप असते, हीट रायझर. इंजिन थंड असताना ती बंद राहते, गरम वायू इनटेकच्या पोटातून पलीकडे ढकलते, त्यामुळे कार्ब्युरेटरचा तळ तापतो आणि चोकची स्प्रिंगही उघडते. हेडर्सबरोबर ही झडप गेली. काही गाड्यांत चोकला गरम हवा मॅनिफोल्डवरच्या खणातून बारीक नळीने मिळते, तीही गेली. मग चोक बराच वेळ बंद, इंजिन पेट्रोल पितं, प्लग काळे.

इलेक्ट्रिक चोक लावा. त्याला करंट इग्निशन चालू असताना पूर्ण १२ व्होल्ट मिळेल अशा ठिकाणाहून द्या. कॉइलच्या टोकावरून घेऊ नका. तिथे रोध असलेली वायर असते, व्होल्टेज कमी मिळतं आणि चोक अर्धवट उघडतो. मिनेसोटा किंवा मिशिगनमध्ये एप्रिलमध्येच गाडी बाहेर काढणाऱ्यांनी हे आधी करावं.

कार्ब्युरेटरला हात लावावा लागेल का?

बहुधा हो. वायू मोकळा झाला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. हॉलीमध्ये मेन जेट (पेट्रोल सोडणारी मुख्य बारीक तोंडं) दोन-चार नंबरांनी वाढवावे लागतात. अंदाजाने नको, कलेक्टरला ऑक्सिजन सेन्सरची जागा वेल्ड करून घ्या आणि मीटर लावून बघा. हे काम हेडर गाडीखाली जायच्या आधी टेबलावर करा.

टिकटिक आवाज येतोय. व्हॉल्व्ह उचलणारा लिफ्टर गेला का?

आधी गळती शोधा. थंड इंजिनावर आवाज मोठा, गरम झाल्यावर कमी, असं असेल तर जवळजवळ नक्की गॅस्केट किंवा तडा. धातू फुगतो आणि फट मिटते. शॉप व्हॅक्यूमची (गॅरेजमधल्या मोठ्या व्हॅक्यूम क्लीनरची) हवा उलटी मागच्या पाइपातून आत सोडा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे जिथे, गळती तिथे. थंड इंजिनावर, निवांत होतं.

हेडरचे बोल्ट पहिल्या काही वेळा गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा आवळायचेच. फ्लँज किमान ५/१६ इंच जाड असावी, पातळ फ्लँज वाकते. मॅनिफोल्डबाबत उलटं: एकदा सपाट पृष्ठभागावर नीट बसलं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. काही क्रायस्लर हेडमध्ये स्टडची भोकं पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात. सीलंट न लावता बसवलात तर गॅरेजच्या फरशीवर कूलंट.

मॅनिफोल्डला तडा गेलाय, वेल्ड होतं का?

होतं, पण रस्त्यावरच्या वेल्डरकडून नाही. बीड सगळं सावकाश तापवून, निकेलच्या रॉडने वेल्ड करून, तितक्याच सावकाश थंड करावं लागतं. घाई केली की तड्याशेजारी नवा तडा. दुर्मिळ तुकडा असेल तरच हा खटाटोप. नाहीतर दुसरं शोधा. वाकलेलं मॅनिफोल्ड बोल्टच्या जोरावर सरळ करायला जाऊ नका, मशीन शॉपमध्ये तोंड घासून सपाट करून घ्या.

मूळ मॅनिफोल्ड काढल्याने गाडीची किंमत कमी होते का?

दुर्मिळ मॉडेल असेल तर नक्की होते. मॅनिफोल्डवर कास्टिंग नंबर आणि बहुतेकदा तारीखही ओतलेली असते. शेव्हरोलेवर ‘सी १४ ९’ असं दिसलं तर ए म्हणजे जानेवारी या हिशेबाने १४ मार्च, आणि वर्षाचा शेवटचा आकडा ९, म्हणजे तुमच्या कमॅरोवर १९६९. ही तारीख गाडी तयार होण्याच्या थोडी आधीची हवी. नंतरची असेल तर ते मॅनिफोल्ड दुसऱ्या गाडीचं. शिकागोजवळ रोझमाँटला दर नोव्हेंबरमध्ये भरणाऱ्या मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्ससारख्या ठिकाणी जाणकार टॉर्च घेऊन हेच वाचतात. १९६८-६९ च्या काही मॅनिफोल्डवर प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये हवा सोडणाऱ्या पंपाची भोकं असतात. ती आधीच्या मालकाने बुजवली असतील तर तेही पाहिलं जातं.

साधी, आधीच इंजिन बदललेली गाडी असेल तर या सगळ्याने फरक पडत नाही. मनासारखी करा.

कायद्याची अडचण?

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना दर दोन वर्षांच्या स्मॉग तपासणीतून सूट आहे. १९७६ आणि त्यानंतरच्या गाडीला मंजुरी क्रमांक असलेलेच हेडर्स लागतात. आवाजाची मर्यादा मात्र जुन्या गाड्यांनाही आहे, तिथे ९५ डेसिबल. मिशिगनमध्ये धुराची तपासणी नाही.

भारतात व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर २०२१ च्या नियमांत गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात हवी, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार नकोत, असं आहे. हेडर्स बोल्टने निघतात, पण आरटीओत वाद घालत बसण्यापेक्षा तपासणीपुरतं मॅनिफोल्ड लावलेलं बरं.

काढलेली मॅनिफोल्ड कशी ठेवायची?

विकू नका, भंगारात तर मुळीच नाही. काढताना बोल्ट तुटू नयेत म्हणून आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा आणि नट हलत नसेल तर जोर न लावता तापवा. डावं-उजवं, कास्टिंग नंबर आणि गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) लिहिलेलं पत्र्याचं लेबल तारेने बांधा. हीट रायझरची झडप अडकली असेल तर आत्ताच मोकळी करा. मग तेलाचा हात फिरवून, कापडात गुंडाळून फळीवर ठेवा, फरशीवर नको. दमट गॅरेजमध्ये फ्लँजवर खड्डे पडतात आणि मग पुन्हा मशीन शॉप. फास्टनर आणि ब्रॅकेट वेगळ्या पिशवीत, त्याच लेबलसह. गाडी विकताना ही पेटी सोबत द्या, किंमत वेगळी लावा.